करवंदीची कचेरी

माणसानं शेजाऱ्याच्या बैलजोडीवर जळावं, त्याच्या विहिरीच्या पाण्यावर जळावं, फार तर त्याच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या फोडणीच्या वासावर जळावं. त्यात काही गैर नाही. शेजारी असतोच कशाला? पण मी उभ्या जन्मात जळलो तो काटेरी झुडपांवर. आठ झुडपं. जळून जळून माझा रंग असा झाला होता की वाशीमचे माझे सासरे एकदा मला बघून लेकीला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, जावई आजारी हायेत का काय?"

ती म्हणाली, "न्हाई बाबा. शेजारी करवंदं पिकली."

हिंगोलीत आमच्या घराला लागूनच पेशकारसाहेबांचं घर. मध्ये छातीइतकी मातीची भिंत. भिंतीच्या अलीकडे माझ्या बावीस मोसंब्या, सहा पेरू आणि दुष्काळातही न आटणारी विहीर. एकेक मोसंबी अशी की तिची सावली पडली तर खाली माणूस झोपावा. भिंतीच्या पलीकडे त्यांचं हातरुमालाएवढं अंगण आणि त्यात आठ करवंदी. बस्स. तरी गावातली माणसं माझ्या दारावरून माना न वळवता पुढे जायची आणि त्यांच्या दारात चपला काढायची.

करवंद आमच्याकडे काही नवलाचं नाही. औंढ्याच्या डोंगरातून बाया टोपल्या भरून आणायच्या, पळसाच्या पानांवर विकायच्या. पण ती डोंगराची वस्तू. काट्याचं झाड कुणी आपण होऊन दारात लावतं का? यांनी लावलं. लहानपणी म्हणे त्यांनी हिंगोलीच्या पलटणीतल्या कुण्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्याभोवती कातरलेलं हिरवं कुंपण बघितलं होतं. साहेब गेला, पलटण गेली, बंगल्याचे वासे लोकांनी नेले. कुंपण तेवढं यांच्या डोक्यात राहिलं. म्हातारपणी ते तिथून अंगणात उतरलं.

आणि काय उतरलं! धनगराकडून मेंढरं भादरायची कातर आणून त्यांनी त्या जाळ्यांना आकार दिले होते. एक घुमट, एक तोफ, एक मोर. आणि मधोमध हत्ती. सोंड वर केलेला, बारा महिने हिरवागार, वैशाखात अंगभर काळ्या करवंदांनी लगडलेला. माझ्या गाड्याचा डावा बैल त्या हत्तीला बघून एकदा असा बुजला की जू मोडून थेट कयाधू नदीत जाऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशी समजूत काढून आणला. फाल्गुनात फुलं आली की पांढऱ्या चांदण्यांनी सगळी जाळी भरायची आणि वास असा सुटायचा की नर्सीला निघालेलं एक वऱ्हाड त्या वासामागं आमच्या गल्लीत शिरलं. नवरदेव घोड्यावरूनच विचारतो, "मांडव हाच का?" खोटं वाटत असेल तर वाटो. घोडं मी स्वतः बघितलेलं आहे.

ते तहसील कचेरीत पेशकार होते. पेशकार म्हणजे साहेबाच्या बाजूला उभा राहून मिसली, म्हणजे खटल्यांची कागदपत्रं, पुढे सरकवणारा, वाचून दाखवणारा, साहेब बोलेल ते लिहून घेणारा माणूस. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे फैसले लिहिले. स्वतःचा एक दिला नाही. नोकरी संपली त्या संध्याकाळी घरी आले, शेरवानी खुंटीला लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच शेरवानी चढवून अंगणात कचेरी भरवली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक लेक उमरखेडला दिलेली. अडवायला घरात कुणी नव्हतं.

रोज सकाळी हजेरी. आधी जाड आवाजात पुकारा: "नंबर एक!" मग दोन पावलं झुडपामागं जाऊन बारीक आवाजात स्वतःच: "हाजिर, सरकार!" असे आठही नंबर. मी भिंतीपलीकडे दात घासत उभा. मला वाटायचं, हे येडं माणूस. मग मला वाटायचं, येडं असून लोक याच्याकडं काहून जातात? आणि कडुनिंबाची काडी दातात मोडायची.

हजेरीनंतर पेशी, म्हणजे सुनावणी. एकदा मी कान लावून ऐकलेली पेशी अशी:

"नंबर चार, गुदस्ता तुझ्यावर फूल आलं, फळ आलं नाही. सफाई दे."

जरा वारा आला. पानं हलली.

"हं. मधमाशीवर ढकलून राहिलास. कोर्टाला मंजूर नाही. दोन घमेली शेणखत, आणि पुढची तारीख वैशाखात."

त्या वैशाखात नंबर चारला करवंदं इतकी लागली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. हे बघून मी काय केलं, ते सांगायला आता हरकत नाही. मी एका मोसंबीपुढं उभा राहून, आजूबाजूला बघून, हळूच म्हणालो, "हाजिर?" विहिरीवरच्या मोटकऱ्यानं ऐकलं. आठ दिवस मोट हाकताना तो बैलांना माझ्या आवाजात "हाजिर?" म्हणून राहिला होता.

त्यांच्या अंगणाचे कायदे ठरलेले. करवंदं कुणीही यावं, हवी तितकी खावीत. पण तिथंच, ओट्यावर बसून. बिया समोरच्या पितळी वाटीत टाकायच्या. त्याला ते मुद्देमाल म्हणत. "फळ रयतेचं, बी सरकारचं." आणि ज्याला रोप हवं असेल त्यानं दरखास्त द्यायची. कागदावर नाही, तोंडी. हत्तीपुढं सरळ उभं राहून तीन वाक्यं म्हणायची: "तुमच्याकडं हाय. माझ्याकडं न्हाई. मिळावं." एवढं म्हटलं की पुढच्या पावसाळ्यात रोप घरपोच.

आमच्या गल्लीतल्या परटिणीनं म्हटलं. तिच्या दारात करवंदी आली. ती तिच्यावर साहेबलोकांचे लंगोट वाळत घालायची. टपालवाल्यानं म्हटलं. मशिदीजवळच्या विडीवाल्यानं तर विडी ओढत ओढत म्हटलं. सगळ्या गल्लीत करवंदी झाल्या. एक माझ्या घरी नव्हती.

मी एकदा गेलो होतो. कबूल करतो. हत्तीपुढं उभा राहिलो. पेशकारसाहेब खुर्चीवर मान ताठ करून बसले. मी म्हणालो, "तुमच्याकडं हाय..." आणि पुढचं वाक्य घशात आडवं आलं. चार वेळा खाकरलो. बाहेर आलं ते असं: "...तशी माझ्याकडं बी मोसंबी हाय."

"दरखास्त अधुरी," ते म्हणाले. "खारिज."

आता बघा, परटिणीला "माझ्याकडं न्हाई" म्हणायला काही वाटत नाही, कारण तिच्याकडे खरोखरच काही नाही. माझ्याकडे बावीस मोसंब्या होत्या. ज्याच्याकडे बावीस आहेत त्याला न्हाई म्हणणं किती जड जातं, हे ज्याचं त्यालाच माहीत.

आता खरा घोटाळा झाला तो सांगतो.

परभणीहून अव्वल तालुकदार दौऱ्यावर येणार होते. अव्वल तालुकदार म्हणजे आमच्या मुलखाचा राजाच म्हणा. त्याच्या वर निजाम आणि निजामाच्या वर आभाळ. एरवी असले दौरे थंडीत निघायचे, पण हा साहेब लहरी. भर वैशाखात निघाला. मी तहसीलदाराच्या हातापाया पडून बंदोबस्त केला, की साहेब आमची मोसंबीची बाग बघायला येतील. महिनाभर आधी झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावला. नव्या बहाराची मोसंबी तेव्हा सुपारीएवढी. म्हणून विदर्भातून पिकलेली मोसंबी मागवून फांद्यांना सुतळीनं बांधली. एकेक धुऊन, पुसून. आमची बायको म्हणाली, "अवं, झाडाला गाठ दिसून राहिली."

"साहेब गाठ बघायला येऊन राहिले का मोसंबी?"

तिसऱ्या प्रहरी टांगा आला. आमच्या दारापर्यंत आला. मी मुजऱ्याला वाकलो. वर बघतो तर टांगा पुढं. भिंतीवरून हत्तीची सोंड दिसली होती! साहेब पेशकारांच्या दारात उतरले, ओट्यावर बसले आणि करवंदं खाऊ लागले. अर्धा तास गेला, तास गेला. काही केल्या उठेनात. शेवटी मीच मोसंबीचं ताट घेऊन शेजारच्या दारात उभा राहिलो. माझ्या घरी यायचा पाहुणा, आणि मी ताट घेऊन शेजाऱ्याच्या दारात! ती मोसंबी त्या ताटातून माझ्याकडे बघून हसत होती.

साहेबानं वाटीत बी टाकलं. बोटं जांभळी झालेली. मला म्हणाला, "पाटील, क्या हाथी है, वाह! आपके यहाँ नहीं है यह?"

आता या ठिकाणी शहाण्या माणसानं "नहीं है, हुजूर" एवढंच म्हणायचं. तीन शब्द. पण समोर पेशकार बसलेले. मी म्हणालो, "है हुजूर. इससे बडा है. अंदर की तरफ है."

"अच्छा? तो अगले दौरे पर आपके यहाँ."

पेशकारांनी माझ्याकडे बघितलं, आणि शेरवानीच्या खिशातून कागदाचा चिठोरा काढून त्यावर काहीतरी टिपलं. टांगा गेल्यावर जाड आवाज आला:

"पाटील, मिसल दाखल झाली. तुमच्या नावाची. हुजुरापुढं खोटा जबाब."

आता मला करवंदी पाहिजेच होती. पुढच्या दौऱ्याच्या आत, आणि कुणालाही "न्हाई" न म्हणता. म्हणजे बी चोरणं आलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला गेलो. ते चूल फुंकायला आत गेले तसा मी हत्तीच्या पोटाखालून मूठभर पिकलेली करवंदं तोडली. लपवायची कुठं? सदऱ्याला खिसा नव्हता. पटका सोडला, करवंदं त्यात घातली, पुन्हा बांधला आणि साळसूद चेहऱ्यानं बसलो. चहा आला. मी बशी तोंडाला लावली. उन्हाचा ताव, गरम चहा, डोक्यावर करवंदं. कपाळावरून काहीतरी खाली उतरू लागलं.

पेशकार बघत राहिले. मग अगदी आदबीनं म्हणाले, "पाटील, डोक्याला इजा झाली काय?"

"व्हय. सकाळी चौकट लागली."

"रक्त जांभळं आहे."

"आमच्याकडं पहिल्यापासून असंच हाय," मी म्हणालो. "खानदानी."

"बराबर," ते म्हणाले आणि चिठोरा काढला.

पण बी घरी आलं! आता बी कसं राखायचं हे शेतकऱ्याला शिकवावं लागतं काय? आमच्या घराण्यात ज्वारीचं बी राखावं तर आमच्याच वडलांनी. सारी पंचक्रोशी उसनं घ्यायला यायची. बी म्हटलं की आधी ऊन. घराच्या धाब्यावर पसरायचं, कडक वाळवायचं, असं की दाताखाली धरलं तर कट् वाजावं. मग चुलीतल्या राखेत घोळवून मडक्यात भरायचं, मडक्याचं तोंड शेणानं लिंपायचं आणि मृग लागला की मातीत टाकायचं. करवंदाच्या बियांवर मी ज्वारीपेक्षा जास्त माया केली. रोज तीन वेळा धाब्यावर चढून त्यांना उलथंपालथं केलं. ऊन असं होतं की त्या धाब्यावर पापड भाजले असते. बिया खुळखुळ्यासारख्या वाजू लागल्या तेव्हा कुठं मडक्यात भरल्या.

मृगात आळं करून लावल्या. आषाढ गेला, श्रावण गेला. गवत उगवलं, तरोटा उगवला, कुठून तरी एक भोपळाही उगवला. करवंद नाही.

मला वाटलं ऊन कमी पडलं. दुसऱ्या साली पुन्हा चोरी, पुन्हा धाबं. या वेळी दुप्पट दिवस वाळवल्या. नाही. तिसऱ्या साली राख बदलली. नाही. आणि पेशकार भिंतीपलीकडून दर साली बघायचे. मी आळ्यापुढं उकिडवा बसलेला असायचो. ते हत्तीच्या कानाला कातर लावत विचारायचे, "काय पाटील, मेथी टाकली का?"

"व्हय. मेथीच."

"काटेरी मेथी दिसते," आणि कातर कचकच चालायची.

मध्येच तालुकदाराचा दुसरा दौरा आला. मी औंढ्याच्या डोंगरातून एक भली मोठी जाळी खणून गाडीत घालून आणली. आणताना तिनं गाडीवानाचे कपडे फाडले, एका बैलाचं शेपूट धरून ठेवलं आणि माझ्या पाठीत जे काटे मोडले त्यातला एक अजून आहे. वारं फिरलं की दुखतो. आदल्या दिवशी ती अंगणात रोवली, हत्तीचा आकार देण्यासाठी दोन न्हावी लावले. सकाळी बघतो तर हत्तीनं मान टाकलेली. पानं हिरव्याची पिवळी, पिवळ्याची तपकिरी. साहेब आत आला तेव्हा हत्ती पान पान गळून राहिला होता.

"यह क्या है?" साहेब म्हणाला.

मी पटका सावरला. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेरवानी उभी राहिली.

"हुजूर, गुस्ताखी माफ. हा हत्ती आमच्या कोर्टाच्या सजेत आहे. आठ दिवस पाणी बंद. पाटलांच्या ताब्यात फक्त कैदेसाठी ठेवलाय."

साहेब हसला. असा हसला की त्याच्या तुमानीचे बंद सुटायची वेळ आली. माझ्या पाठीवर थाप मारून (बरोबर काट्यावर) तो निघून गेला. माझी अब्रू वाचली.

आता एखादा म्हणेल, इथं तरी माझी जळजळ शमली असेल. उलट! आधी तो माणूस माझ्यापेक्षा चांगली करवंदी लावत होता. आता तो माझ्यापेक्षा चांगलं खोटंही बोलून दाखवत होता. खोटं बोलणं हा आमचा घरचा धंदा, त्यातही त्यानं मला मागं टाकलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "अवं, एक डाव जाऊन म्हना न. तीन वाक्यं तं हायेत. माझ्या माहेरी वाशीमला लोक मीठ मागायला जातात, 'आमच्याकडं न्हाई' म्हन्तात, कोनी मरत न्हाई."

"मीठ येगळं."

"काहून येगळं?"

मी उठून मोसंब्यांना पाणी सोडायला गेलो.

माझ्या मिसलीची पेशी दर वैशाखात लागायची. मला हत्तीपुढं उभं करायचे. आरोप वाचायचे: खोटा जबाब, बियांची चोरी, मुद्देमाल डोक्यावरून वाहून नेणे. मग विचारायचे, "आरोपीला काही म्हणायचंय?" आणि थांबायचे. फार वेळ थांबायचे. तेव्हा वाटायचं की हा माणूस थट्टा करतोय. आज वाटतं, ती तीन वाक्यं ऐकायला तो थांबत होता. मी म्हणायचो, "काही न्हाई." ते म्हणायचे, "पुढची तारीख."

सात वर्षं अशी तारीख पडत गेली. मग ते साल आलं. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं साल ठरणार होतं. ते तेव्हा कुणाला ठाऊक! मुलखात धामधूम माजली. ज्याचे कुणाचे सोयरे सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात होते तो गाडी जुंपून निघाला. आम्हीही वैशाख संपता संपता वाशीमला निघालो. मी भिंतीशी जाऊन म्हणालो, "पेशकारसाहेब, तुमी बी चला. गाडीत जागा हाय."

ते नंबर सातची वाळकी काडी काढत होते. "पेशी चालू आहे, पाटील. कोर्ट सोडून जाता येत नाही."

"झुडपांसाठी जीव देता काय?"

"आठ जण हाजिर राहतात रोज. मीच गैरहाजिर राहिलो तर हजेरी कोण घेईल?"

निघताना आमची बायको "देवाला निरोप देऊन येते" म्हणून गेली ती बऱ्याच वेळानं आली. कुठल्या देवाला, ते मी विचारलं नाही. गाडी निघाली. मी मागं बघितलं तर भिंतीवरून सोंड दिसत होती. मनात आलं ते खरं सांगतो: या धामधुमीत कुणी तो हत्ती छाटून टाकला तर बरं होईल. असं मनात आलं. मग वाशीमपर्यंत माझा घास गोड लागला नाही.

भादव्याच्या शेवटी सगळं निवळलं तेव्हा परत आलो. घराचं कुलूप जागेवर, मोसंब्या जागेवर, थोड्या वाळलेल्या. आणि भिंतीच्या कडेनं, आमच्या बाजूला, एका ओळीत बोटभर बोटभर उंचीची रोपं. जाडसर चकचकीत पानं, समोरासमोर. मी खाली बसलो. एकाला हात लावला. काट्यांची जोडी अजून मऊ होती. बावीस होती. एका मोसंबीमागं एक.

भिंतीपलीकडून जाड आवाज आला, पण आता त्याला दम लागत होता.

"पाटील, हाजिर?"

"हाजिर," मी म्हणालो. तोंडून निघून गेलं.

ते फार वाळले होते. शेरवानी अंगावर नव्हे, खुंटीवर टांगल्यासारखी दिसत होती. त्यांनी चिठोऱ्यांचा गठ्ठा काढला आणि उभ्यानं वाचलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे फैसले वाचणाऱ्या माणसाचा, माणसावर दिलेला पहिला फैसला.

"आरोपीनं बी चोरलं, हे साबित. तो गुन्हा लहान. आरोपीनं बी वाळवलं, हा मोठा. ज्वारीचं बी वाळून जगतं. करवंदाचं बी ओलं असतं तोवरच जिवंत. फळातून निघालं की त्याच दिवशी मातीत जावं लागतं. वाळलं की मेलं. सात वर्षं आरोपी मोठ्या मायेनं मढी पुरत होता."

माझ्या डोक्यात सात उन्हाळे एकदम तापले. "मंग सांगितलं काहून न्हाई?"

"विचारलं काहून नाही?"

त्यांनी चिठोरा उलटला. मग ते पुढं वाचू लागले. "दरखास्त दाखल: पाटलीणबाई. वैशाखात, निघायच्या दिवशी, हत्तीपुढं उभं राहून तिन्ही वाक्यं बिनचूक म्हटली. किल्ली जमा केली. दरखास्त मंजूर. रोपं आरोपीच्या अंगणात, आरोपीच्या विहिरीच्या पाण्यावर. आरोपीला सजा: उमरकैद. दर साली नागपंचमी झाली की दुसऱ्या दिवशी छाटणी, रोज सकाळी हजेरी. सुटका नाही."

मी बायकोकडे बघितलं. ती गाडीतून भांडी उतरवत होती. जणू तिनं मीठच मागितलं होतं.

पुढच्या फाल्गुनात, फुलं ऐन भरात असताना पेशकारसाहेब गेले. उमरखेडच्या लेकीनं घर विकलं. नव्या मालकानं कडब्याला जागा हवी म्हणून आठही जाळ्या तोडल्या. हत्ती पाडायला चार माणसं आणि दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी फक्त सोंड निघाली.

आता हिंगोलीत अशा करवंदी फक्त माझ्या अंगणात आहेत. परटिणीचीसुद्धा गेली, तिच्या पोरानं तिथं सायकलींचं दुकान टाकलं. बावीस करवंदी, पिंपाएवढ्या झालेल्या, वैशाखात काळ्या पडतात. माझ्या जमिनीत, माझ्या पाण्यावर, माझ्या हातच्या शेणखतावर. आणि लोक रस्त्यानं जाताना काय म्हणतात? "हे बघा पेशकाराची करवंदं." मेलेल्या माणसावर कुणी जळतं का? मी जळतो.

दर श्रावणात मी तीच मेंढरांची कातर घेऊन हत्ती करायला बसतो. दर साली म्हैस होते. गेल्या साली तर सोंड काढता काढता उंट झाला. ज्यांना यायचं ते येतात, ओट्यावर बसतात, करवंदं खातात, वाटीत बिया टाकतात. उठताना म्हणतात, "झाडं तेच हायेत पाटील, पन..." आणि पुढचं न बोलता चपला घालतात. त्या "पन"पुढं काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या अंगणात माणूस येऊन बसला की त्याला उठावंसं वाटत नसे. माझ्या अंगणातून लोक करवंदं संपली की उठतात.

परवा सकाळी हजेरीला उभा राहिलो. "नंबर एक!" म्हणालो. झुडपामागं जाऊन बारीक आवाज काढायला हवा होता. तो मला अजून जमत नाही. मी तिथंच, त्या म्हशीसारख्या हत्तीपुढं, सरळ उभा राहिलो. आजूबाजूला बघितलं नाही.

"तुमच्याकडं होतं," मी म्हणालो. "माझ्याकडं न्हाई."

घशात काही आडवं आलं नाही. तिसरं वाक्य म्हटलं नाही, कुणाला म्हणणार?

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अवं, कोनाशी बोलून राहिले?"

"हजेरी घेऊन राहिलो."

"मंग? कोन हाजिर हाय?"

 वारा आला, पानं हलली.

"मीच," मी म्हणालो.